लाईट गेली, लाइव्ह राहिलं

माझ्या मिरची कांडपावर वडिलांच्या काळापासून एकही अपघात झाला नव्हता. झाला तो गेल्या उन्हाळ्यात, आणि तेव्हा मशीन बंद होती.

हे मी मुद्दाम लिहून काढतो आहे, कारण तालुक्यात या प्रकरणाच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरत आहेत आणि त्या सगळ्यांत मी मूर्ख ठरतो. खऱ्या आवृत्तीतही मी मूर्खच ठरतो; पण निदान तपशील तरी बरोबर असावेत!

परतूरला बाजाराच्या अलीकडे आमचं कांडप आहे. उन्हाळ्यात बायका वर्षभराचा काळा मसाला कुटून न्यायला येतात. मिरची, धने, खोबरं, दगडफूल घरीच भाजून-तळून गाठोड्यात बांधून आणायचं आणि आमच्या लोखंडी मुसळांखाली कुटून घ्यायचं. आता प्रत्येक घरचा मसाला वेगळा, आणि आपलाच खरा असं प्रत्येक घराला वाटतं. त्यामुळे कुणाच्या गाठोड्यात काय आहे हे कांडपवाल्यानं बाहेर बोलायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम. माझे वडील तर गाठोडं सुटायला लागलं की भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. माल ज्याचा त्यानं ओतायचा. ते गेल्यावर मीही त्याच भिंतीकडे तोंड करून उभा राहायला लागलो. (भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यामुळे एकादश्या आणि चतुर्थ्या मला तोंडपाठ आहेत.)

या भिंतीवर सगळ्यात जास्त विश्वास शांताआत्याचा. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, दिलेली टेंभुर्णीला. टेंभुर्णीहून परतूर म्हणजे जालन्याला बस बदलून अख्ख्या दिवसाचा प्रवास. वाटेत कांडपं काय कमी आहेत? पण आत्या मांडीवर गाठोडं घेऊन ती सगळी ओलांडत आमच्याकडेच यायची. कारण तिचा काळा मसाला. त्या मसाल्याची वांग्याची भाजी खाल्लेला माणूस दुसऱ्या घरी जेवताना उदास होतो, असं आमच्या नात्यात बोललं जातं. तो मसाला कसा करायचा हे आत्यानं कुणालाही सांगितलेलं नव्हतं. लेकींना नाही, सुनेला नाही, आणि तिची धाकटी जाऊ कौसल्याकाकू हिला तर मुळीच नाही. काकू शेजारच्याच घरात राहते. लग्न होऊन आल्यापासून ती भिंतीपलीकडून वास घेऊन घेऊन अंदाज बांधते आहे.

माझी बायको सुरेखाही उमेदवार होतीच. आत्या आली की पुरणपोळी काय, पाय चेपणं काय! आत्या पाय चेपून घ्यायची, पोळी खायची आणि म्हणायची, "सांगीन गं. एक दिवस तुलाच सांगीन." तो एक दिवस यायची सुरेखा वाट बघत होती.

तर अशा या अब्रूदार धंद्यात मी मोबाईल आणला.

तसा दोष माझ्या लेकीचा, पल्लवीचा. ती जालन्याला एमआयडीसीत नोकरी करते. दिवाळीला घरी आली आणि म्हणाली, "पप्पा, धंद्याचं पेज पायजे. आजकाल पेज न्हाई तर धंदा न्हाई." तिनं पेज काढून दिलं, फोटो कसा टाकायचा, रील कशी करायची हे शिकवलं आणि ती निघून गेली. पोहायला शिकवताना माणसाला विहिरीत ढकलतात ते ठीक. पण मग काठावर थांबतात तरी!

माझी पहिली रील मशीनची होती. ती आमच्या घरातल्यांनीच, म्हणजे सुरेखानं आणि पल्लवीनं, आपापल्या मोबाईलवर पाहिली. दुसरी रील चुकून झाली. मिरची कुटताना मला ठसका लागला, त्यातून शिंका सुरू झाल्या आणि काही केल्या थांबेनात. मोबाईल समोर चालूच होता. मी ती तशीच टाकली. दुसऱ्या दिवशी बाजारात अनोळखी माणसं मला बघून शिंकायला लागली! भाजीवाली म्हणाली, "तुम्हीच ना ते शिंकणारे भाऊ?" आयुष्यात प्रथमच मला कुणीतरी ओळखत होतं. माझी छाती भरून आली आणि तिथंच माझा घात झाला.

त्यानंतर माझं काम म्हणजे मसाला कुटणं राहिलं नाही; मसाला कुटताना स्वतःला दाखवणं हे झालं. सकाळी उठलो की देवाआधी पेज. कुणी "छान" लिहिलं की मी लिहायचो, "धन्यवाद ताई, असेच प्रेम असू द्या." कुणी "किलोचा काय भाव?" विचारलं की त्यालाही लिहायचो, "धन्यवाद ताई, असेच प्रेम असू द्या." (तो दादा होता. त्यानं दुसरीकडे कुटून घेतलं.) एकदा दुकानदारांच्या गटात कुणाशी तरी वाद घालण्यात मी इतका रंगलो, की इकडे मुसळांखाली एका बाईंची मिरची चालूच राहिली. त्यांनी डबा उघडला, चिमूट वर धरली आणि ती वाऱ्यावर उडून गेली.

"दत्ताभाऊ, हा मसाला हाये का गुलाल?"

सुरेखानं त्यांना घरातला मसाला देऊन वाटेला लावलं आणि मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही धंदा करून राह्यले का नाटक?"

"अगं, जाहिरात आहे ती. आजकाल..."

"जाहिरात बघून गिऱ्हाईक यावं म्हणते मी. तुम्ही तर आलेल्या गिऱ्हाईकाला बसवून जाहिरात करून राह्यले! एक तर मोबाईलला वेळ ठरवा, न्हाई तर मुसळाखाली घालते त्याला. बारीक दळून देते."

तिच्या आवाजावरून मुसळाची तयारी झालेली दिसत होती. आणि मी मनाचा हळवा माणूस. मला खरंच अपराधी वाटलं. वडिलांच्या फोटोकडे बघायची सोय राहिली नाही. मी त्याच दिवशी ठरवलं, की समाजमाध्यमांना वेळेची शिस्त लावायची. ती कशी लावायची हे समजून घेण्यासाठी मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला बसलो. एक गुरुजी मोबाईल कमी बघण्याचे उपाय सांगत होते. ते फार छान बोलत. त्यांचे सगळे व्हिडिओ बघितले. मग त्यांच्यासारख्याच दुसऱ्या एका बाईंचे बघितले. डोकं वर केलं तेव्हा सुरेखा जेवण झाकून ठेवून शेजारी गेली होती.

पण त्यातून एक उपाय हाती लागला. दिवसाचं सगळं मोबाईलचं काम सकाळी एकदाच उरकायचं. कांडप सुरू झालं की थोडा वेळ लाइव्ह करायचं, नमस्कार-चमत्कार करायचे, लाइव्ह बंद करायचं आणि मोबाईल फळीवर ठेवून द्यायचा. मग दुपारच्या जेवणापर्यंत त्याला हात लावायचा नाही. काय वाट्टेल ते होवो!

पहिल्याच दिवशी ते झालं.

त्या दिवशी सकाळी मी लाइव्ह सुरू केलं. मोबाईल नव्या स्टँडवर, माझा चेहरा मला दिसेल असा ठेवला. मशीन धडाधड चालू, मी ओरडून बोलतोय, पडद्यावर लाल बदाम उडतायत. इतक्यात दारात रिक्षा थांबली आणि गाठोडं पोटाशी धरून शांताआत्या उतरली. आदल्या दिवशीच निघून ती जालन्याला पल्लवीकडे मुक्कामाला होती. मी लगेच म्हटलं, "मित्रांनो, आता कामाची वेळ झाली, भेटू उद्या," आणि लाइव्ह बंद केलं. हाताला मिरची होती म्हणून करंगळीनं दाबलं. मोबाईल स्टँडसकट उचलून फळीवर ठेवला आणि एक फार मोठा विजय मिळवल्यासारखा आत्याच्या पाया पडलो.

आता, लाइव्ह बंद करताना मोबाईल आपल्याला परत विचारतो, की नक्की बंद करायचं का? तिथं पुन्हा दाबावं लागतं. हे मला माहीत नव्हतं. एरवी बंद करताना मी पडद्याकडेच बघत असायचो, तेव्हा बोट आपोआप पडत असणार. त्या दिवशी मी शिस्त पाळली आणि बघितलंच नाही!

मशीन चालू असेपर्यंत काही बिघडलं नाही. त्या आवाजात कुणाच्या कानाशी बोललेलं त्याला ऐकू येत नाही, तर मोबाईलला काय येणार? मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. आत्यानं गाठोडं सोडलं, माल ओतला, "हं, फिर आता," म्हणाली. मी फिरलो. मुसळं पडायला लागली आणि निम्मं कुटून होतंय तोच लाईट गेली.

सगळं एकदम शांत झालं. रांगेतल्या बायका, "आता काय जल्दी येत न्हाई ही," म्हणत आपापली गाठोडी ठेवून सावलीला पांगल्या. आत्या आणि सुरेखा तेवढ्या आत बसल्या. माझा हात सवयीनं फळीकडे गेला. मी तो दुसऱ्या हातानं मागे खेचला.

"मी रफिकभाईकडं चहा घेऊन येतो," मी म्हटलं. "मोबाईल इथंच राहू दे."

सुरेखानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, तशी ती लग्नानंतर सुरुवातीला बघायची.

रफिकभाईंची टपरी आमच्या समोरच, रस्त्यापलीकडे. मी बाकावर बसलो आणि मोबाईलशिवाय मोकळ्या हातांनी चहा पिण्यात किती सुख असतं यावर बोलायला लागलो. समोर तीन-चार गिऱ्हाइकं होती, पण कुणी वर बघेना. सगळे रफिकभाईंच्या मोबाईलवर वाकलेले. रफिकभाई एका हातानं चहा ढवळत होते आणि दुसऱ्या हातानं मोबाईल कानाशी नेत होते.

"रफिकभाई," मी म्हटलं, "सोडा तो मोबाईल. त्यानं माणूस धंद्यातून उठतो. मी स्वतः अनुभवलंय."

"दत्ताभाऊ, जरा चूप बैठो," रफिकभाई म्हणाले. "आत्ता खरी बात येऊन राह्यली."

"कसली बात?"

"मसाल्याची."

"अहो, मसाल्याची बात मोबाईलवर काय ऐकता? समोर एवढं माझं कांडप..."

"तुमच्याच कांडपातली हाये ना!"

आणि तेवढ्यात त्या मोबाईलमधून माझ्या सख्ख्या आत्याचा आवाज आला.

"सुरेखा, इकडं सरक. कोन न्हाई ना?"

"कुणी न्हाई आत्याबाई. हे पण चहाला गेले."

"दत्त्या गेला? मंग बरंय. ऐक. मी आता पिकलं पान झाले. लई वर्षं झाली, तू माझी सेवा करून राह्यली. आज तुला सांगते."

"आत्याबाई!" माझ्या बायकोचा हुंदका साऱ्या टपरीनं ऐकला.

माझा चहा घशात होता, तो नाकात गेला.

"पण शपथ घे," आत्या सांगत होती, "कुनाला सांगनार न्हाई. कौसल्याला तर बिलकुल न्हाई. ती मेली तरी तिला कळता कामा नये."

"शपथ आत्याबाई!"

"मंग ऐक. सगळी गंमत मेथीची हाये."

"ए, लिहून घे रे," टपरीवरचा एक जण दुसऱ्याला म्हणाला.

मी धावलो. रस्त्याच्या मध्यावर आलो तर कापसाचा टेम्पो मागे येत होता. त्याला मागे घेणारा माणूस, "आन दे, आन दे," करत माझ्यासमोरच उभा. मी डावीकडे गेलो, टेम्पो डावीकडे आला. मी उजवीकडे गेलो, तो उजवीकडे आला. मागून टपरीवरचा आवाज स्पष्ट येत होता, कारण रफिकभाईंनी तो सगळ्यांना ऐकू जावा म्हणून वाढवला होता.

"किलोभर मिरचीला पावशेर मेथी."

"पावशेर?" सुरेखाचा आवाज. आणि टपरीवरून चार आवाज, "पावशेर?"

"पावशेर. आन ती साधी न्हाई. काळीशार होईस्तोवर तळायची."

मी टेम्पोखालून गेलो की वरून, हे आता आठवत नाही. आत शिरलो आणि मोबाईल उचलला. पडद्यावर बदाम असे उडत होते, की खालचं काही दिसेना. आणि त्यात एक ओळ सरकत गेली. नाव होतं कौसल्याकाकूचं. लिहिलं होतं, "परत सांगा, मेथी किती?"

मी बंद करण्यासाठी दाबलं. नक्की बंद करायचं का, असं त्यानं विचारलं. "अरे, विचारतोस काय!" मी ओरडलो आणि घाम पुसायला तोच मिरचीचा हात डोळ्यांना लावला. पुढचं मला दिसलं नाही. ज्यांनी पाहिलं ते सांगतात, की शेवटी एक मध्यमवयीन गृहस्थ कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडत होता आणि खाली लोक लिहीत होते, "भाऊ भावुक झाले."

डोळ्यांवर पाणी मारून मी बघितलं तर आत्या गाठोडं बांधत होती. अर्धवट कुटलेलं, तसंच.

"आत्या, माझी चूक झाली. मी बंद केलं होतं, पण ते..."

"दत्त्या," आत्या शांतपणे म्हणाली, "तुझा बाप भिंतीकडं तोंड करून उभा ऱ्हायचा."

बस्स. तेवढंच. ती रिक्षात बसून निघून गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी तिचा आभारी झालो असतो. सुरेखा माझ्याशी बोलेना. एवढ्या वर्षांच्या सेवेनंतर मिळालेलं गुपित तिच्याकडे आलं ते अख्ख्या जिल्ह्याबरोबरच. आणि आत्याला वाटणार, की हिनंच नवऱ्याला मोबाईल लावायला सांगितला!

मी तो व्हिडिओ पुसून टाकला. पण लोकांनी तो आधीच उतरवून घेऊन गावोगावच्या ग्रुपवर टाकला होता. दोन-तीन दिवसांतच कांडपावर अशी रांग लागली, की टपरीपर्यंत गेली. प्रत्येक गाठोड्यातून जळक्या मेथीचा वास. एखाद्या शहाण्या बाईच्या मनात शंका यायची, "एवढी मेथी? कडू न्हाई का होणार?" लगेच दुसरी म्हणायची, "अगं, म्हनूनच तर ती कुनाला सांगत नव्हती!" परतूरच्या किराणा दुकानांत मेथी मिळेना. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो आणि लाजेनं मान खाली घालायचो. (पेजवर माणसं मात्र धडाधड वाढत होती. ती मी रोज चोरून बघत होतो. हेही सांगून टाकतो, मनावर ओझं नको.)

मग एका सकाळी आमच्या गल्लीतल्या मीनावहिनी डबा घेऊन आल्या.

"भाऊजी, जीभ काढा."

मी काढली. त्यांनी चिमूटभर मसाला तिच्यावर ठेवला. मी लहानपणी हिवतापाचं औषध घेतलं होतं. ते यापेक्षा गोड होतं.

"तुमच्या मशीनमधी कायतरी बिघाड हाये."

"वहिनी, मेथी जास्त..."

"मेथी बराबर घातली! आत्यांनी सांगितल्ती तेवढीच. त्यांचा मसाला काय कडू हाये का? मंग आमचाच कसा झाला? मशीनमधी वंगण पडून राह्यलं असंल."

दुपारपर्यंत अशा सात-आठ जणी आल्या. कुणी म्हणे वंगण, कुणी म्हणे मशीनवर कडुलिंबाचा पाला पडतो. एक आजी म्हणाल्या, तुझ्या बापानं पुण्याईवर चालवली मशीन, तुझ्या हातात ती कडू झाली. आत्यावर कुणाचाच संशय नाही! दुसऱ्या दिवशी रांग नव्हती. तिसऱ्या दिवशी कुत्रं मशीनच्या सावलीत येऊन झोपलं. ऐन हंगामात, ज्यावर आमचं अख्खं वर्ष निघतं त्या दिवसांत, मी कॅलेंडर वाचत बसलो. पेजवरही शिंकणाऱ्या रीलखाली लोक लिहायला लागले, "मशीनमध्ये शिंकतो, म्हणून कडू होतो."

सुरेखानं साडी बदलली, पिशवी घेतली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"चला टेंभुर्णीला. पाय धरा त्यांचे."

आत्या ओसरीवर लसूण सोलत बसली होती. मी सरळ जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं. रस्ताभर पाठ केलेलं सगळं विसरलो आणि नुसताच म्हणालो, "आत्या, मला कांडपावर उभं राहायचा हक्क न्हाई."

"मंग बसून कुट," आत्या म्हणाली. "ऊठ, लसूण तुडवून राह्यला तू."

मी उठतो न उठतो तोच शेजारच्या घरातून कौसल्याकाकू आली. काखेत मोठी बरणी, डोळे लाल.

"अक्का! ही बघा तुमची मेथी!"

तिनं बरणी धाडकन ओसरीवर ठेवली. झाकण उघडताच आमच्या सगळ्यांच्या नाकात तो ओळखीचा वास शिरला.

"माझी मेथी?" आत्या अगदी गरिबासारखी म्हणाली. "तुला कुनी सांगितली माझी मेथी?"

काकूचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. ती बिचारी स्वतःच्या बरणीत सापडली होती.

"ते... मोबाईलवर आलं... म्हंजे सगळ्यांनीच... पाच किलो केला हो अक्का! जावई आल्ते जेवायला. एक घास खाल्ला आन पानी मागत बसले!"

आत्या हसायला लागली. आधी गालात, मग पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. लसणाची टोपली कलंडली. सुरेखाला आधी कळलं.

"म्हणजे आत्याबाई... मला खोटं सांगितलं?" तिचा आवाज चिरला. "शपथ घालून?"

"तुला न्हाई गं बाई!" आत्यानं तिचा हात धरला. "तुला खरंच सांगनार होते. तोंड उघडलं, आन फळीवर बघते तर मोबाईलमधी बदाम उडून राह्यले! माझा नातू दिवसभर तेच करून राह्यलाय, मला काय कळत न्हाई? आन बदामाच्या मधी हिचा फोटो. नथ घातलेला! म्हनलं, आली का ऐकायला? मंग ऐक म्हनलं."

काकू बरणी उचलून उभी होती. रागानं जावं की रडावं हे ठरेना, म्हणून तीही हसायला लागली. मला एकट्यालाच हसता येईना.

"म्हणजे आत्या, तू रागावली न्हाईस?"

"राग खराच होता," आत्या म्हणाली. "मेथी तेवढी खोटी."

मग मी तिला कांडपाची दशा सांगितली. कुत्र्यासकट. ते ऐकून तिचं हसू थांबलं. तिला वाटलं होतं, फसेल ती एकटी कौसल्या. अख्खा तालुका मेथी जाळत बसेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आपल्या भावाच्या मशीनला कुणी कडू म्हणतं हे तिच्या जिव्हारी लागलं. तिनं आधी मला आणि काकूला अंगणात पाठवलं, दार लोटलं आणि सुरेखाला आत नेलं. दोघी बराच वेळ आत होत्या. सुरेखा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि चेहऱ्यावर असं तेज होतं, की मी तिला काही विचारलं नाही. काकू मात्र दाराच्या फटीपाशी वाकली होती. (तिला फक्त "खोबरं" एवढंच ऐकू आलं म्हणे. ती अजून त्यावर काम करते आहे.)

"दत्त्या, काढ तुझं ते यंत्र," आत्या म्हणाली. "कर चालू. मी सांगते लोकांला."

मी लाइव्ह सुरू केलं. आत्यानं पदर सारखा केला, केस मागे सारले आणि एखाद्या सरपंचासारखी बोलायला लागली.

"राम राम. मी शांताबाई. परवा मी मेथीचं सांगितलं ते खोटं होतं. ज्यांनी मसाला कडू करून घेतला त्यांनी मला माफी करा. आन पुढच्या खेपेला दुसऱ्याचं चोरून ऐकू नका. दुसरी गोष्ट. परतूरच्या मशीनमधी वंगण न्हाई, पाला न्हाई, काही न्हाई. माझ्या भावानं बसवलेली मशीन हाये, तिचा काही दोष न्हाई. दोष माझ्या भाच्याचा हाये."

मी कॅमेऱ्यामागून हातानं खुणा करत होतो, की आत्या, एवढं पुरे. तिनं माझ्याकडे बोट केलं.

"हा उभा हाये बघा. मन चांगलंय, डोकं कमी. तुम्ही मशीन बघून या, ह्याच्याकडं बघू नका. राम राम."

दुसऱ्या दिवशी आम्ही परतूरला पोचायच्या आधीच कांडपापुढे गाठोडी लागली होती. मशीनवरचा आळ गेला, हंगाम वाचला. माझ्या पेजवर आजवर टाकलेल्या सगळ्या रीली एकत्र केल्या तरी जेवढे बदाम मिळाले नव्हते, तेवढे आत्याच्या त्या एका वाक्याला मिळाले, "दोष माझ्या भाच्याचा हाये." ते कुणाकुणाचे आले हे बघायला मी यादीच्या पार तळापर्यंत गेलो. सगळ्यात पहिला बदाम, आत्या अजून बोलत असतानाच उडालेला, सुरेखाचा होता.